खाडीच्या चिखलातला लाल जिवाणू: नवी स्पीशीज म्हणायची का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. टीवायच्या मुलांना दाखवायला म्हणून गेल्या मे महिन्यात विनोग्राडस्की कॉलम लावला होता. कांदळवनातला काळा चिखल, चिमूटभर जिप्सम, उकडलेल्या अंड्याचा बलक, वर्तमानपत्राचे कपटे, वर खाडीचंच पाणी, आणि हे सगळं दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत. बाटली पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. दोन-तीन महिने नुसता काळा चिखल आणि कुजक्या अंड्याचा वास. शिपाईकाकांनी दोनदा ती टाकायला काढली होती. गणपतीच्या सुट्टीवरून आलो तर बाटलीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा जांभळट लाल डाग!

सिरिंजने तो डाग ओढून घेतला, मॅलेट आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या मीडियममध्ये टाकला, स्क्रू-कॅप ट्यूब काठोकाठ भरून उजेडात ठेवली. पाच दिवसांत चहासारखा तपकिरी रंग आला. त्यातून प्लेटवर कॉलनी घेतल्या आणि एक १६एस सिक्वेन्सिंगला पाठवली (१६एस म्हणजे जिवाणूंचं नातं ओळखायला वाचतात तो जीन). १४२० बेसचा सिक्वेन्स आला. इझीबायोक्लाउड या सिक्वेन्स जुळवून देणाऱ्या वेबसाइटवर सगळ्यात जवळचा नातेवाईक रोडोव्हुलम सल्फिडोफिलम, साम्य ९८.२ टक्के.

९८.७ च्या खाली म्हणजे नवी स्पीशीज असं वाचलंय. मग ही नवी धरायची का? पुढे नक्की काय करावं लागतं? माझं काम एमएस्सीच्या प्रोजेक्टपलीकडे गेलेलं नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

ता.क. दिवाळीनंतर कल्चर वाढायचं जवळजवळ थांबलंय. मीडियम तोच, तापमान तेच. फक्त लॅबमध्ये नवीन दिवे बसवलेत.

मस्तमौला

अभिनंदन सर! नाव मालवणीच ठेवा. रोडोव्हुलम सोलकढी. रंगही जुळतो.

जांभळी बाटली

सोलकढीवाल्यांना शंभर मार्क. पण बारशाआधी बाळ कुणाचं ते बघू.

खाडीकाठ, आधी ता.क. घेते, कारण तुझं कल्चर मेलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही. नवीन दिवे एलईडीचे आहेत ना? तिथेच घोळ आहे. पांढरा एलईडी आपल्या डोळ्यांसाठी बनवलेला असतो, ७५० नॅनोमीटरच्या पुढे तो जवळपास काहीच देत नाही. जांभळ्या जिवाणूंचं खरं जेवण ८०० ते ९०० च्या मध्ये, अवरक्तात. १८८३ मध्ये एंगेलमानने सूक्ष्मदर्शकाखाली वर्णपट पाडला तेव्हा हे जिवाणू डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात जाऊन गर्दी करून बसले होते. तुझ्या ट्यूब सध्या दिसणारा उजेड शोषणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांच्या जोरावर अर्धपोटी जगतायत. जुना पिवळा बल्ब शोध, साठ वॉटचा, आणि ट्यूबपासून फूटभर लांब ठेव म्हणजे मीडियम तापणार नाही. बल्ब नाहीच मिळाला तर सीसीटीव्हीच्या दुकानात ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा मिळतो, रात्रीच्या कॅमेऱ्यासाठी विकतात तो. आमच्याकडे दोन वर्षं त्याच्यावरच काम चाललं. दिवा लागलाय की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचं, नुसत्या डोळ्याला फार तर मंद लाल ठिपका दिसतो.

आता मूळ प्रश्न. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत तीसेक वर्षं हेच जिवाणू वाढवले, आता निवृत्त आहे. 'प्रजाती' हा शब्द कुणी स्पीशीजसाठी वापरतं, कुणी जीनससाठी, म्हणून मी सरळ इंग्रजीच शब्द वापरते. मराठीचे मास्तर रागावोत.

९८.२ या आकड्यावर उडी मारायच्या आधी मला सांग, १४२० बेस एका बाजूने वाचलेत की दोन्ही बाजूंनी? २७एफ आणि १४९२आर असे दोन प्राइमर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे, असतात. दोन्हीकडचे तुकडे मध्ये नीट जुळले पाहिजेत. कंपनी पीडीएफ पाठवते, ती बाजूला ठेव. त्यांच्याकडून क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे प्रत्येक बेसचं शिखर दाखवणाऱ्या आलेखाच्या, मूळ फाइल माग आणि उघडून बघ. टोकाला शिखरं बुटकी आणि पसरट होतात, तिथे यंत्र अंदाजाने अक्षर टाकतं. तुझ्या आकड्यात फरक किती बेसचा आहे? १४२० चे पावणेदोन टक्के, म्हणजे सव्वीसच्या आसपास. त्यातले दहा-बारा टोकाच्या कचऱ्यातले निघाले तर सगळी गोष्ट बदलते.

दुसरं, कल्चर शुद्ध आहे का? प्लेटवर एकदा कॉलनी घेतली म्हणजे शुद्ध झालं, हे या मंडळींना लागू नाही. यांच्या कॉलनीत सल्फेट खाणारे पाहुणे लपून बसतात. अगार शेक कर. अगार वितळवून ४२ अंशांवर धरायचं, त्यात कल्चरचा एक थेंब, ट्यूब दोनदा हळूच उलटी-सुलटी, त्यातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशा आठ ट्यूब. थंड पाण्यात घालून गोठवायच्या, वर निर्जंतुक पॅराफिनचा थर. आठवड्याने सहाव्या-सातव्या ट्यूबमध्ये अगारच्या आत खसखशीएवढ्या लाल कॉलनी सुट्या सुट्या दिसतात. ओढून बारीक केलेल्या पाश्चर पिपेटने एक उचलायची आणि पुन्हा तेच. किमान तीनदा. शेवटी साध्या न्यूट्रिएंट अगारवर अंधारातही लावून बघायचं, दुसऱ्या रंगरूपाचं काही उगवतंय का म्हणून.

हे इतकं घोकून सांगतेय कारण माझी स्वतःची फजिती झालीय. नव्वदच्या दशकात एका देवळाच्या तळ्यातून मी लाल कल्चर काढलं. देखणं होतं. सहा महिने त्याच्यावर बसले, वर्णन लिहिलं, नावही मनात ठरवलं. मग वरिष्ठ सहकारी आले, फ्रीजमधला आमचा जुना संदर्भ स्ट्रेन, म्हणजे ओळख पक्की असलेला शुद्ध वाण, काढला, दोघांना एकाच दिवशी एकाच मीडियममध्ये लावलं आणि आठ दिवसांनी दोन्ही ट्यूब माझ्यासमोर धरल्या. एकच रंग, एकच तळाशी बसायची पद्धत, एकच स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो तो आलेख). माझ्याच हातून, माझ्याच लूपवरून आमचा स्ट्रेन त्या बाटलीत गेला होता. सहा महिने मी आमच्याच फ्रीजचं वर्णन लिहीत होते!

म्हणून माझं एकच म्हणणं असतं. नवी स्पीशीज एकट्या ट्यूबमध्ये ठरत नाही. तिच्या शेजाऱ्याला घरी बोलवावं लागतं. रोडोव्हुलम सल्फिडोफिलमचा टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या स्पीशीजचा अधिकृत नमुना, मागव, जर्मनीच्या डीएसएमझेड या जिवाणू संग्रहाकडून किंवा आपल्याकडच्या एखाद्या संग्रहात असेल तर तिथून, आणि दोघांना शेजारी-शेजारी वाढव. पुस्तकातल्या तक्त्याशी आपलं कल्चर ताडून पाहणं म्हणजे फोटोवरून सोयरीक जुळवणं.

शेजारी लावून काय बघायचं? मीठ तर बघच. शून्य, अर्धा, एक, दोन, तीन, पाच टक्के. १९९४ मध्ये हिराइशी आणि उएदा यांनी खाऱ्या पाण्यातले रोडोबॅक्टर बाजूला काढून रोडोव्हुलम हा जीनस केला. तुझा जिवाणू मिठाशिवाय मजेत वाढला तर मला शंका येईल. मग सल्फाइड किती सोसतो, थायोसल्फेट चालतं का, कुठली सेंद्रिय आम्लं खातो, अंधारात हवेवर जगतो का.

आणि स्पेक्ट्रम. हे तुमच्या कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही होईल, ११०० नॅनोमीटरपर्यंत जात असेल तर. पेशी ६० टक्के साखरेच्या पाण्यात मिसळायच्या म्हणजे प्रकाश विखुरत नाही आणि रेघ स्वच्छ येते. ८०० च्या आणि ८५० च्या आसपास दोन शिखरं आली तर बॅक्टेरिओक्लोरोफिल ए, म्हणजे जिवाणूंचं हरितद्रव्य. तेच अॅसिटोन-मिथेनॉलमध्ये उतरवलं की ७७० ला एक शिखर राहतं. तुला वाटेल हे तर सगळ्यांचंच येतं, कशाला करायचं? इंडियाना विद्यापीठाच्या आवारातल्या मातीतून गेस्ट आणि फॅव्हिंजर यांना तपकिरी-हिरवट कल्चर मिळालं होतं. त्याचं शिखर ७८८ च्या आसपास आलं, जिथे तोवर कुणाचंच येत नव्हतं. तो निघाला बॅक्टेरिओक्लोरोफिल जी, आणि जिवाणू हेलिओबॅक्टेरियम क्लोरम, १९८३. कॉलेजच्या अंगणातली माती हो! म्हणून स्पेक्ट्रम आधी करायचा, पैसे नंतर खर्चायचे.

एक गमतीची चाचणी सांगते, फुकट आहे. तुझं तपकिरी कल्चर थोडं फ्लास्कमध्ये ओत, कापसाचा बोळा लाव आणि रात्रभर हलवत ठेव. या घराण्यातल्या बऱ्याच जणांकडे स्फेरॉइडीन हे कॅरोटिनॉइड असतं. हवा लागली की त्याचं स्फेरॉइडिनोन होतं आणि रंग तपकिरीवरून लाल होतो. झालं तर कॅरोटिनॉइडची दिशा कळली.

नावाचं नंतर सांगते, बोटं दुखली.

शिवार_सांगोला

ताई, मी शेतकरी माणूस. आम्ही ज्वारीच्या बियाण्याला पीएसबी लावतो. परवा एकजण म्हणाला कोळंबीच्या तळ्यातपण पीएसबी टाकतात, लाल रंगाचं. ते हेच का? आमचं तर लाल नसतं.

जांभळी बाटली

दादा, बरोबर पकडलंत. अक्षरं तीच, माणसं वेगळी. तुमचं पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. मातीत अडकलेला स्फुरद ते पिकाला मोकळा करून देतात, त्यांचा उजेडाशी संबंध नाही. कोळंबीवाल्यांचं पीएसबी म्हणजे प्रकाशसंश्लेषी जिवाणू, ते लाल. एकाच्या जागी दुसरं वापरू नका.

आणि खाडीकाठ, या दादांमुळे एक आठवलं. तुझ्या खाडीच्या वरच्या अंगाला कोळंबीची तळी आहेत का? असली तर तळेवाल्यांना विचार, लाल कॅन आणून ओततात का. भरतीबरोबर बाजारातला जिवाणू तुझ्या चिखलात यायचा आणि तू त्याला मालवणचा मूळ रहिवासी म्हणायचास. तुझा सिक्वेन्स रोडोव्हुलमकडे गेलाय म्हणून मला फार काळजी नाही, कॅनमध्ये बहुधा रोडोस्यूडोमोनास नाहीतर रोडोबॅक्टर असतो. पण विचारून ठेव, नमुन्याच्या नोंदीत लिहिता येतं.

बुलढाणेकर

मग आमचं लोणार २०२० मध्ये गुलाबी झालं होतं तेही याच जिवाणूंनी का? तेव्हा मी स्वतः पाहून आलो होतो, काठावरून बाटली भरून आणली होती.

जांभळी बाटली

नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासलं, तेव्हा हॅलोआर्किया, म्हणजे खूप खारट पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव, निघाले. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांची चंगळ झाली. त्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडचा, क्लोरोफिलचा पत्ता नाही. त्यांच्यातल्या काहींकडे उजेडावर चालणारा प्रोटॉनचा पंप असतो, पण तेवढ्याने प्रकाशसंश्लेषण होत नाही, आणि ते तर बॅक्टेरियाही नव्हेत. तुमची बाटली स्पेक्ट्रोफोटोमीटरला लावली असती तर ५०० च्या आसपास डोंगर आणि ८०० च्या पुढे सपाट माळ दिसला असता. रंगावरून जात ओळखायची नाही, हा धडा लोणारने फुकट दिलाय.

लोणारमधून नव्या स्पीशीज मात्र निघाल्यात, प्रकाशसंश्लेषी नसल्या तरी. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या मंडळींनी इंडिबॅक्टर अल्कलिफिलस काढला, सेसेम्बिया लोनारेन्सिस काढला. सेसेम्बिया म्हणजे काय? मोठ्याने म्हणा: सी-सी-एम-बी. संस्थेचीच अक्षरं लॅटिनचा सदरा घालून उभी केलीत.

खाडीकाठ

ताई, तीन आठवड्यांनी येतोय. खूप काही झालं.

कोळंबीची तळी आहेत, पण पलीकडच्या फाट्यावर, आणि मालक म्हणाले लाल कॅन कधी आणला नाही. अगार शेक तीनदा केले. पहिल्या फेरीत तुम्ही म्हणालात तेच, लाल कॉलनीच्या कडेला काळी टिकली. तिसऱ्या फेरीत गेली. न्यूट्रिएंट अगारवर आता एकच प्रकार येतो.

मूळ फाइल मागवून उघडल्या आणि पोटात गोळा आला. रिव्हर्स रीडच्या, म्हणजे उलट्या बाजूच्या वाचनाच्या, शेवटी शिखरावर शिखर चढलेलं. शुद्ध केलेल्या कल्चरचा डीएनए परत पाठवला, या वेळी दोन्ही टोकं छाटली. १३९० बेस राहिले, फरक फक्त १२. म्हणजे ९९.१ टक्के. चौदा फरक कचऱ्यातलेच होते.

मग संपलंच ना सगळं? मुलांना सांगून बसलो होतो नवीन स्पीशीज म्हणून.

मस्तमौला

सोलकढी नासली वाटतं.

जांभळी बाटली

नासली नाही, अजून नारळ खोवणं चाललंय.

खाडीकाठ, ९८.७ चा अर्थ लोक उलटा लावतात. त्याच्या खाली असलात तर वेगळी स्पीशीज बहुतेक नक्की. वर असलात तर १६एस काहीच सांगत नाही, 'मला विचारू नका' म्हणतो. पूर्वी हाच आकडा ९७ होता, २००६ मध्ये वर सरकला. २०१२ मध्ये रोडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिसच्या गोतावळ्यातून पॅरापॅलुस्ट्रिस, हारवूडी आणि स्यूडोपॅलुस्ट्रिस अशा तीन स्पीशीज वेगळ्या निघाल्या, हैदराबादच्याच एका गटाने काढल्या. १६एसवर सगळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या.

आता निकाल जीनोम देईल. तुझा आणि टाइप स्ट्रेनचा जीनोम समोरासमोर ठेवून सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढायचं, त्याला एएनआय म्हणतात. ९५-९६ च्या खाली आलं तर वेगळी स्पीशीज. दुसरा आकडा डिजिटल डीएनए-डीएनए संकरणाचा, तिथे सीमा ७० टक्के. हा सत्तरीचा नियम १९८७ पासूनचा. तेव्हा खरोखरीचा डीएनए वितळवून दोघांचे धागे एकमेकांत मिसळावे लागायचे, एका जोडीला आमचे आठ-आठ दिवस जात. आता डीएसएमझेडच्या टीवायजीएस सर्व्हरवर फाइल चढवायची आणि चहा पिऊन यायचं. टाइप स्ट्रेनचा जीनोम बहुतेक वेळा तिथे आधीच असतो. पण स्ट्रेन मागवायचा तो मागवच, मीठ आणि रंग सर्व्हरला कळत नाहीत.

आणि प्रकाशसंश्लेषणाच्या पफएम जीनवरून वंशावळीचं झाड काढून नातं ठरवायला जाऊ नकोस. गोबीच्या वाळवंटातल्या एका तळ्यातून २०१४ मध्ये जेमॅटिमोनास फोटोट्रॉफिका मिळाला. हे महाशय सर्वस्वी वेगळ्या फायलममधले (फायलम म्हणजे जीनसच्या खूप वरचा मोठा गट), आणि त्यांच्याकडची प्रकाशसंश्लेषणाची अख्खी जीनपेटी जांभळ्या जिवाणूंकडून आलेली. उसन्या भांड्यावरून घर ओळखशील तर फसशील.

आता राहिलेलं नाव. तुझ्या शेजाऱ्याचीच कुंडली बघ. डच शास्त्रज्ञ हान्सेन आणि फेल्डकांप यांनी १९७३ मध्ये त्याला रोडोस्यूडोमोनास सल्फिडोफिला म्हटलं. १९८४ मध्ये तो रोडोबॅक्टर सल्फिडोफिलस झाला. १९९४ मध्ये रोडोव्हुलम सल्फिडोफिलम. ती, तो, ते! जिवाणू तोच, पण जीनसचं लिंग बदललं की स्पीशीजच्या नावाची शेपटी बदलते. इंग्रजीवाले इथे हमखास चुकतात. मराठी माणूस लहानपणापासून तो-ती-ते करत आलाय, तू चुकायचं कारण नाही. रोडोव्हुलम नपुंसकलिंगी, तेव्हा गावाच्या नावाला -एन्से लागेल, -एन्सिस नाही. म्हणजे मालवनेन्से. लोनारेन्सिसला -एन्सिस कारण सेसेम्बिया ती. स्वतःचं नाव मात्र द्यायचं नाही, शिष्टाचारात बसत नाही.

छापायचं ठिकाण आयजेएसईएम, नव्या जिवाणूंची नावं छापणारं आंतरराष्ट्रीय नियतकालिक. त्याआधी स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत जमा झालेला असला पाहिजे आणि मागेल त्याला मिळाला पाहिजे. आपल्याकडे पुण्याचं एनसीएमआर, चंडीगडचं एमटीसीसी आहे. दुसरा संग्रह परदेशातला, आणि तिथे पाठवायच्या आधी २००२ च्या जैवविविधता कायद्याची कागदपत्रं. हे काम विज्ञानापेक्षा चिवट असतं, एखाद्या विद्यापीठातल्या माणसाला सोबत घे. एकट्याने करू नकोस.

बल्ब मिळाला का?

खाडीकाठ

मिळाला. कणकवलीत एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, वरच्या फळीवर धुळीत चार पडले होते. दुकानदार म्हणाला, कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला हवेत का? हो म्हटलं, कोण समजावत बसणार.

बल्बखाली तिसऱ्या दिवशी ट्यूब दाट झाल्या. मीठ शून्य असलेल्या ट्यूबमध्ये काहीच नाही, अर्ध्या टक्क्यावर थोडं, दोनवर सगळ्यात दाट. काल संध्याकाळी तुम्ही सांगितलेली फ्लास्कची चाचणी लावली. शेकर बिघडलाय, म्हणून टीवायची दोन मुलं आळीपाळीने रात्री दहापर्यंत हलवत बसली, मग फ्लास्क टेबलफॅनच्या जाळीला बांधून फॅन फिरता ठेवला. सकाळी साडेसातला कुलूप काढलं तर चहाचा रंग गेलेला. लाल. अगदी कोकमाच्या आगळासारखा.

मस्तमौला, सोलकढी रद्द नाही अजून. जीनोमचे पैसे पुढच्या महिन्यात कॉलेजकडे मागतो. टाइप स्ट्रेनसाठी ताई, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जांभळी बाटली

व्यनि केलाय. फॅनचा फोटो टाक.

शिवार_सांगोला

मलापण बघायचाय फॅन.